कोजागिरीला ती गच्चीवर का आली नाही

वाचकाचा प्रश्न

कोथरूडहून छत्तीस वर्षांच्या एका इंजिनिअरचं पत्र आलं आहे. नोकरीनिमित्त ते चार वर्षं दक्षिण कोरियात, सोलजवळच्या सुवॉन शहरात होते. तिथे ओळख झालेल्या कोरियन मुलीशी तीन वर्षांपूर्वी त्यांनी लग्न केलं. वडिलांची बायपास झाल्यावर दोघं पुण्याला आईवडिलांकडे राहायला आली, त्याला आता दोनेक वर्षं होतील. पत्नी बत्तीस वर्षांची आहे. तिकडे ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. इथल्या लग्नविधीत सासूबाईंनी तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं, घरात त्याच नावाने तिला हाक मारतात. ती मराठी शिकली, पोळ्या लाटायला शिकली. एकदा तिने गॅलरीत किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं, घातली, पण सासूबाईंना तो वास सोसेना. "तेव्हापासून तिने कधी घातली नाही, तक्रारही केली नाही," असं पत्रात आहे. आपल्याविषयी काही बोलतात असं आईला वाटू नये म्हणून दोघांनी घरात कोरियन बोलणं सोडून दिलं. गेल्या कोजागिरीला गच्चीवर वीस-पंचवीस पाहुणे होते. ती खोलीतच बसून राहिली. बोलवायला गेल्यावर रडली, कारण सांगितलं नाही. तेव्हापासून गप्प गप्प असते. आता म्हणते, बाणेरला वेगळं घर घेऊ, तिच्या दोन कोरियन मैत्रिणी तिकडे राहतात. माहेरी जाऊन येते असंही म्हणाली होती, पण "गेली तर परत यायची नाही" ही आईला धास्ती.

ते विचारतात: "कोरियन संस्कृती आपल्यासारखीच आहे. मोठ्यांचा मान, घरची माणसं, सणवार, सगळं तेच. आम्ही तिला लेकीसारखं वागवतो. मग तिला जुळवून घेणं का जड जातंय? मी तिला कसं समजावू?"

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी कोजागिरीपाशी थांबले. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. कोरियातला छुसॉक त्याच दिवशी होता.

तुम्हाला छुसॉक काय असतो ते मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा तो सण. सॉल्लाल, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, आणि छुसॉक हे कोरियातले दोन सगळ्यांत मोठे घरगुती सण. गावी जाणाऱ्यांनी रस्ते तुंबतात, रेल्वेची तिकिटं आधीच संपतात. सकाळी पूर्वजांना पान वाढतात, थडग्यांपाशी जाऊन गवत काढतात, रात्री पौर्णिमेचा चंद्र बघतात. तुम्ही चार वर्षं तिथे होतात. त्या दिवसांत तुमच्याही कंपनीला सुट्टी लागली असणार, शहरातले ओस पडलेले रस्ते तुम्हीही पाहिले असणार.

ती त्याच कारणाने रडली, असं इथे बसून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या माहेरची माणसं ज्या दिवशी एकत्र जमली होती, त्याच दिवशी ती वीस-पंचवीस अनोळखी पाहुण्यांच्या घरात होती आणि घरात त्या तारखेचा उच्चारही कुणी केला नव्हता. तुमच्या आईबाबांना तो दिवस माहीत असायचं काही कारण नाही. तुम्हाला माहीत होता. वडिलांचं आजारपण, नवी नोकरी, पाहुण्यांची सरबराई या सगळ्यात तो निसटला, हे मी समजू शकते, आणि त्यात दुष्टावा नाही. पण "तिने कारण सांगितलं नाही" हे वाक्य तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला वाटलं की तुम्ही ते ओळखावं, अशी तिची अपेक्षा असेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. संस्कृती सारखी आहे, मग अडचण कुठे?

माझ्या मते अडचण त्या सारखेपणातच आहे. कोरियात मोठ्यांना दोन्ही हातांनी वस्तू देतात, नववर्षाला त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करतात, चपला बाहेर काढतात. हे पाहून आपल्याला हायसं वाटतं. पण सून या नात्याचं ओझंही त्यांच्याकडे आपल्याइतकंच जुनं आहे. सणाच्या दिवशी सासरच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून राबणाऱ्या सुना, आणि बाहेर गप्पा मारत बसलेली बाकीची मंडळी, हा तिथे दर सणाला वर्तमानपत्रांतून चर्चिला जाणारा विषय आहे. तिच्या पिढीच्या मुलींनी आपल्या आयांना तसं राबताना पाहिलंय आणि त्यातल्या अनेकींनी ठरवलंय की आपण ते करायचं नाही. घराचा प्रमुख एक पुरुष आणि बाकीचे त्याच्या नावाखाली नोंदलेले, अशी होजू नावाची कायदेशीर पद्धत कोरियात होती. २००५ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती बंद झाली. तुमची पत्नी तेव्हा शाळेत होती. ती वाढली ती या बदलत्या कोरियात. तुम्ही जी "आपल्यासारखी संस्कृती" म्हणताय, ती कदाचित तिच्या आजीची आहे.

शिवाय कोरियात लग्नानंतर बाई आडनावसुद्धा बदलत नाही, नाव तर लांबच राहिलं. तुमच्या आईंनी ताटात नाव लिहिलं ते प्रेमानेच, त्याबद्दल मला शंका नाही. पण तिला स्वतःला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे घरात कुणी विचारलंय का? आईबाबांना तिचं कोरियन नाव म्हणायला अवघड जात असेल तर शिकता येईल. तिने "बाळंतविडा" आणि "पुरणयंत्र" असले शब्द पचवलेत. दोन-तीन अक्षरांचं एक नाव आपल्याला जमायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट तक्रारीची. "तेव्हापासून तिने कधी घातली नाही, तक्रारही केली नाही." तुम्ही हे वाक्य मिटलेल्या प्रश्नासारखं लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य वाटलं. मोठ्यांसमोर नाही न म्हणण्याचे संस्कार तिच्यावर आपल्याइतकेच आहेत, त्यामुळे तिचं "चालेल" म्हणजे होकार असं धरून चालू नका. भाषा तिने शिकली, पोळ्या ती शिकली, नाव तिने घेतलं, किमची तिने सोडली, स्वतःच्या नवऱ्याशी स्वतःच्या भाषेत बोलणंही तिनेच सोडलं. यात तुमच्या घराने काय काय बदललं, याची यादी करायला बसलात तर कागदावर काय येईल? हे तुम्हाला टोचावं म्हणून विचारत नाही, खरंच एकदा बसून लिहून काढा. जुळवून घेणं तिला जमत नाही असं तुम्ही म्हणता. मला पत्रातून दिसतंय ते उलटंच. एकटीने जितकं जुळवून घेता येतं तितकं घेऊन ती थकली आहे.

"लेकीसारखं वागवतो" हे आपल्याकडे फार मनापासून म्हटलं जातं. पण लेक दार लावून झोपली तर कुणाला राग येत नाही. लेक "मला आज भूक नाही" म्हणाली तर पाहुण्यांसमोर घराची शोभा होत नाही. लेकीला सणाला माहेरी येण्याची परवानगी मागावी लागत नाही, कारण ती माहेरीच असते. तिला ही मोकळीक आहे का, ते बघा.

सगळ्यांत आधी एक गोष्ट बदला, आणि ती आजच बदलता येईल: बायकोशी कोरियनमध्ये बोला. तुमची कोरियन मोडकी असेल तरी चालेल. या घरात तिची भाषा येणारे एकटे तुम्ही होतात आणि तुम्हीही ती बंद केलीत. परक्या भाषेत माणूस कामाचं बोलतो, हसतो, हवं तर भांडतोही. पण "मला इथे कसंतरी होतंय" हे सांगायला आपलीच भाषा लागते. आईला आधीच सांगून ठेवा: "आई, आम्ही आमच्यात कोरियन बोलणार. तुझ्याविषयी काही असेल तर ते मी तुला मराठीत तोंडावर सांगेन." आईंना हे पहिले काही दिवस खटकेल. खटकू द्या.

पुढचा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि मला तो जेवणाखाण्यापेक्षा मोठा वाटतो. कोरियात ही मुलगी स्वतः कमावत होती, रात्री उशिरा एकटी मेट्रोने घरी येत होती. पुण्यात तिचं काय आहे? तिचं स्वतःचं बँक खातं आहे का? भाजीवाल्याला पैसे देताना यूपीआय तिच्या फोनवरून जातं की तुमच्या? औषध मागवलं की ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? परदेशी जोडीदार असलेल्या घरांत हे मी पुन्हा पुन्हा पाहते. बाईला कुणी अडवलेलं नसतं, पण रिक्षा बोलवायची तरी नवऱ्याला मीटिंगमधून उठवावं लागतं. बत्तीस वर्षांच्या कमावत्या बाईला पुन्हा कुणाच्या तरी बोटाला धरून चालावं लागणं, यात फार मोठी मानहानी आहे, आणि ती बोलूनही दाखवता येत नाही, कारण सगळे प्रेमानेच वागत असतात.

तेव्हा कागदपत्रांना लागा. तुमच्यासारख्या इतर जोडप्यांनीही हे तपासून घ्यावं. लग्नाची रीतसर नोंदणी झालेली असेल आणि अर्जाआधी लग्नाला सलग दोन वर्षं झालेली असतील, तर भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. तुमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्याची नोंदणी झाली आहे का, हे पत्रात नाही. नुसते विधी आणि फोटो यावर हे काम होत नाही, नोंदणीचा दाखला लागतो. ते कार्ड मिळालं की व्हिसा वाढवत बसणं आणि एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडची नोंदणी यांतून ती सुटेल, आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर नोकरी-व्यवसायही करता येईल. मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्न कायद्याने मोडलं तर या आधारावर मिळालेलं कार्डही जातं, हे तिला आधीच माहीत असलं पाहिजे. तिच्यापासून काही लपवून कागदांवर सह्या घेऊ नका. कार्ड हाती येईपर्यंत सध्याच्या व्हिसावर काम करायची मुभा आहे असं गृहीत धरू नका, विचारून घ्या. आणि "भारतीय नागरिकत्वच घेऊन टाक" असं कुणी नातेवाईक म्हणाले तर तिथेच थांबवा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तिला कोरियन पासपोर्ट सोडावा लागेल. तो निर्णय तिचा आहे आणि त्याची घाई नाही.

गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधार कार्डही काढता येतं. त्यापाठोपाठ तिच्या नावाचं सिम, तिच्या नावाचं खातं, त्यावर यूपीआय. हे झालं की तिला एकटीने एखादी दुपार लक्ष्मी रोडला भटकता येईल. मग कामाचं बघा. चित्रं काढणारीला काम कुठूनही करता येतं. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीनच तास आहे, म्हणजे तिकडच्या प्रकाशकांशी बोलायला रात्री जागावं लागणार नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांच्या कराचं एकदा सीएला विचारून घ्या.

वेगळ्या घराविषयी मी स्पष्टच सांगते: घ्या. आपल्याकडे वेगळं राहणं म्हणजे घर फुटलं असं समजतात, म्हणून तुम्हाला ते जड जातंय. पण तिची मागणी घर फोडायची नाही. तिला एक स्वयंपाकघर हवंय, जिथे डब्याचं झाकण उघडताना कुणाचं नाक मुरडेल याची धाकधूक नसेल. बाणेरच हवं का, हे दोघांनी बोलून ठरवा. वडिलांची तब्येत बघता कोथरूडमध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर घर घेतलंत तर रात्री-अपरात्री धावता येईल. मैत्रिणी बाणेरला आहेत, तर तिथे जाण्यायेण्याची सोय करता येते. त्या मैत्रिणींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्यातली बरीच कोरियन कुटुंबं कंपनीच्या बदलीवर काही वर्षांसाठी आलेली असतात. त्यांच्यासोबत तिला आराम वाटेल, पण त्यांना परतीची तारीख माहीत असते, तिला नाही. म्हणून तिच्या ओळखी फक्त तेवढ्यावर थांबू नयेत. चित्रकलेच्या वर्गात, टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत, कुठेही, जिथे ती "अमक्याची कोरियन बायको" म्हणून पोचत नाही, अशी एक जागा तिला हवी. तुमच्या भाच्या-पुतण्यांना कोरियन मालिका आवडत असतील, पण दर भेटीला "काहीतरी कोरियन बोलून दाखव ना" हे थांबवा.

आणि घरात ही गोष्ट मांडताना "तिला वेगळं व्हायचंय" असं चुकूनही म्हणू नका. "मी ठरवलंय" म्हणा. आईचा राग तुमच्यावर येऊ द्या, तुम्ही त्यांचा मुलगा आहात, तो राग टिकणार नाही. तिच्यावर आलेला टिकेल.

माहेरी जाण्याचं तर विचारूच नका, तिकीट काढा. पुण्यातली मुलगी साताऱ्याला दिली तरी पहिल्या दिवाळीला माहेरी जाते, नागपंचमीला जाते. ही जवळपास दोन वर्षं गेलेली नाही. "गेली तर परत यायची नाही" अशी भीती वाटत असेल, तर त्या भीतीचा विचार घरात बसून करायला हवा, तिला थांबवून भीती जाणार नाही. निदान महिनाभर जाऊ द्या, एकटीला जाऊ द्या. रोज "कधी येतेस" असं विचारू नका.

आईंशी तुम्ही स्वतः बोला, आणि त्यांना दोष देऊन बोलू नका. त्यांनीही कमी केलेलं नाही. पन्नास-साठ वर्षांच्या सवयी असलेल्या घरात त्यांनी एका परदेशी मुलीला मानाने आणलं. त्यांना काय करायचं हे कळलं तर त्या करतील असं मला पत्रावरून वाटतं. छुसॉकला तिकडे सोंगप्योन करतात. तांदळाच्या पिठीत उकळतं पाणी घालून उकड मळतात, छोटी पारी करून आत तिळाचं आणि साखरेचं किंवा मधाचं सारण भरतात, अर्धचंद्रासारखी मिटतात आणि पाइनच्या पानांवर वाफवतात. उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही, हात आपोआप चालतात. इथे तांदूळ म्हणाल तर इंद्रायणीचा चिकट भात तिला तिच्या भाताजवळचा वाटेल. किमचीत खारवून आंबवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस घालतात, शाकाहारी घराला तो त्रास खरा आहे. पण त्याशिवायही किमची होते, बौद्ध मठांमध्ये तशीच करतात. मुळ्याचीही होते. वेगळ्या घरात ती हवी तशी घालेलच, पण आईंच्या ताटात एकदा तिने केलेली वाढली गेली आणि त्यांनी चाखून "मला थोडी आंबट लागली" असं खरं खरं सांगितलं, तर ते कौतुकापेक्षा बरं.

यंदा छुसॉक २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे नेमका अनंत चतुर्दशीला. २०२४ मध्येही दोन्ही १७ सप्टेंबरला एकाच दिवशी आले होते. दोन्हीकडचे सण चंद्रावर चालत असल्याने हे वरचेवर होणार. विसर्जनाच्या गडबडीत तिच्या घरच्यांशी बोलायला सकाळचा एक तास राखून ठेवा, आणि तिला चालणार असेल तर तिच्या आजी-आजोबांच्या फोटोपुढे पान वाढा. पितृपक्ष पाळणाऱ्या घराला हे परकं वाटू नये. त्या वेळी ती माहेरीच असली तर आणखी चांगलं.

कोरियाने स्वतः हा धडा गिरवला आहे. व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्समधून लग्न होऊन आलेल्या हजारो मुली तिथल्या खेड्यापाड्यांत एकट्या पडत होत्या. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांसाठी तिथे कायदा झाला आणि देशभर दोनशेहून जास्त केंद्रं उभी राहिली: भाषेचे वर्ग, दुभाषे, घरी येऊन मदत. पुढे त्यावर टीकाही झाली, की शिकायचं ते सगळं सुनेनेच, सासरच्यांनी काहीच नाही. आपल्याकडे अशी केंद्रं नाहीत. तिच्यासाठी ते काम तुम्हालाच करावं लागणार आहे, आणि तिकडची टीका लक्षात ठेवून करायचं आहे.

एक सावधगिरी. गप्प राहण्यासोबत झोप उडणं, जेवण तुटणं, "मी नसते तर बरं" अशा अर्थाचं बोलणं दिसलं, तर घर आणि तिकीट याची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. कोरियन बोलणारे समुपदेशक ऑनलाइन भेटतात. तिला तिच्या भाषेत बोलता आलं तर जास्त उपयोग होईल, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत नसावं.

तुम्ही विचारलंत, तिला कसं समजावू. समजावायला जाऊ नका, विचारायला जा. आणि ती म्हणाली की मला कोरियातच राहायचंय, तर लगेच वाद घालू नका. तिथे तुमची नोकरी होती, भारतीय नवऱ्याला जोडीदाराचा एफ-६ व्हिसा मिळू शकतो आणि त्यावर काम करता येतं. तेव्हा ही वाट अशक्य कोटीतली नाही. खरा पेच वडिलांच्या देखभालीचा राहील. तुम्हाला भावंडं आहेत का, आईबाबा एकटे किती दिवस राहू शकतील, मदतनीस ठेवणं परवडेल का, हे पत्रात नाही. तसं ठरत असेल तर या गोष्टी लिहून पुन्हा पत्र पाठवा, त्यावर सविस्तर बोलू.